गटारीची कोलंबी आणि सुटलेलं नाव

चौतीस वर्षांच्या नोकरीत हाताखालून किती कागद गेले, त्यातले निम्मे मला आता आठवत नाहीत, आणि आठवू नयेत असेच ते होते. पण निवृत्तीला सात-आठ महिने उरले असताना आलेलं कोलंबीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. बायको म्हणते, ताटात कोलंबी आली की तुम्ही गप्प होता. खरं आहे ते.

मी तेव्हा बोरिवलीकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. गटारीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एका सोसायटीचे सेक्रेटरी आणि दोन रहिवासी आले. सोसायटीतल्या पाच घरांनी गटारीसाठी मिळून कोलंबी मागवली होती. खाल्लेल्यांपैकी नऊजणांना उलट्या-जुलाब झाले. आठजण सलाईन घेऊन घरी आले, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा अतिदक्षता विभागात होते आणि डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते. माल आला होता मढच्या एका कोळीणबाईंच्या वेबसाईटवरून. बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणाचंच लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

पुरावा म्हणाल तर अगदी हातात आणून दिल्यासारखा होता. ऑर्डर त्या वेबसाईटवर दिलेली. थर्माकोलच्या खोक्यावर बाईंच्या नावाची चिठ्ठी. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरात टेंपोचा नंबर लिहिलेला, आणि हाच टेंपो चार वर्षं बाईंचा माल घेऊन सोसायटीत येतो असं वॉचमनने सांगितलं. पैसे टेंपोवाल्याला रोख दिलेले. वेबसाईटवरचा नंबर आता बंद. बाईंचा जुना नंबर लावला तर तोही बंद. आमचे हवालदार, सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस, म्हणाले, "साहेब, फोन बंद करून बसलीय म्हणजे समजा." मीही समजलो. हयगयीने जीव धोक्यात घातल्याचा आणि अपायकारक अन्न विकल्याचा गुन्हा नोंदवला. आजोबांना काही झालं तर कलम वाढणार होतं आणि अटक ठरलेलीच होती.

नोटीस देऊन बाईंना बोलावलं. महिला अंमलदारासमोर जबाब घ्यायला बसलो. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. चपला दाराशी काढून आत आल्या. ठाण्यात कुणी चपला काढत नाही. मला ते विचित्र वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं नाटकीही वाटलं.

"फोन का बंद ठेवलात?"

"बंदी हाय ना साहेब. बंदीन धंद्याचा फोन बंदच असतो आमचा. डब्यान घालून देवाजवल ठेवते."

"दोन महिने?"

"पुनवेला दर्याला नारल दिला का मंग काढते. सासूचा नेम हाय. बंदीन धंद्याच्या वस्तूला हात लावायचा नाय, धंद्यासाठी एक रुपया काढायचा नाय. सुरी पन धुऊन ठेवते मी."

"मग कोलंबी कुणी पाठवली?"

"मना ठाव नाय. बंदीन मी म्हावरं इकतच नाय."

जून-जुलैत मासेमारी बंद असते हे मला माहीत होतं. पण बंदीतही बाजारात मासे मिळतातच, बाहेरून येतात, बर्फातले येतात. 'मी विकलेच नाहीत' हे वाक्य मी दारूच्या गुत्त्यापासून सोन्याच्या पेढीपर्यंत सगळीकडे ऐकलं होतं. टेंपोचं विचारलं, तर म्हणाल्या, टेंपो अंधेरीच्या एका माणसाचा, भाड्याचा, बंदीत तो कुणाचाही माल नेतो. मी सरळ विचारलं, "त्यानेच केलं असेल का?" बाई चटकन म्हणाल्या, "तो? नाय ओ. तो माझ्या घरा जेवतो." हे वाक्य मी जबाबात घेतलं आणि विसरलो. टेंपोवाल्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, बाईंचाच माल, फोनवर सांगितलं, मी पोचवला. दोघांच्या बोलण्यात मला बाईच खोटी वाटली, कारण फोन तिचा बंद होता.

उठताना बाई एवढंच म्हणाल्या, "साहेब, माझ्याबरोबर पाच जणी हायत. दोन रांडावल्यात, नवरे गेलेत तेंचे. मी एकटी असते तर बोलले नसते. नाव गेलं तर तेंचा पन धंदा जाल." रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. त्या गेल्यावर मी तो जबाब पुन्हा वाचून काढला.

मग आमच्या परिमंडळातल्या सायबरच्या उपनिरीक्षक बाईंना बोलावलं. तिशीची मुलगी, कामाला चोख. तिने वेबसाईटचं नाव संगणकावर घातलं आणि म्हणाली, "सर, हे नाव आता त्यांचं नाहीच आहे. पंधरा-वीस दिवसांपूर्वी दुसऱ्याकडे गेलंय."

"चोरीला गेलं?"

"नाही सर. सुटलं."

मग तिने मला समजावलं. वेबसाईटचं नाव कायमचं कुणाच्या मालकीचं होत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नाही केलं, तर काही आठवडे वाट बघून नोंदणी करणारी कंपनी ते लिलावात काढते. ज्याला हवं तो घेतो, कायदेशीर घेतो. बाईंच्या नावाची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपली होती. बंदी लागून चार दिवस झाले होते.

मढला माणूस पाठवला तेव्हा कळलं, की वेबसाईट बाईंच्या बहिणीच्या मुलाने करून दिली होती आणि तो आता जहाजावर असतो. नूतनीकरणाचे निरोप त्याला आले, त्याने मावशीला घरच्या फोनवर पाठवले. तिने ऐकले. पण तो धंद्याचा खर्च, आणि बंदीत धंद्याला रुपया काढायचा नाही. पुनवेनंतर बघू म्हणाली. दोन महिन्यांत नावाला काय होतंय? घराच्या दरवाजावरची पाटी दोन महिने न पुसल्याने कुणी घेऊन जात नाही, असा तिचा हिशेब होता. मलाही तो बरोबरच वाटला असता.

नोंदणी कंपनीला पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. नाव घेणारा माणूस मुलुंडचा होता. आजोबा तोवर तसेच होते. मी आमचे हवालदार आणि एक अंमलदार बरोबर घेतले, साध्या वेशात निघालो आणि गाडीत बसल्या बसल्या मनात चोराचा चेहराही तयार केला.

पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं ते एका बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या गृहस्थाने. पूर्वी विमा कचेरीत दावे तपासायचं काम करायचे, बायको शाळेत मुख्याध्यापिका, घरात तुळस, भिंतीवर कुलदैवत. ओळखपत्र दाखवल्यावर ते घाबरले, पण पहिली गोष्ट म्हणाले ती ही, "चहा ठेवू का? साखर किती?" बंद केलेल्या गॅलरीत त्यांचं दुकान. दोन पडदे, एक पंखा आणि जाड कव्हराच्या सात डायऱ्या.

"धंदा काय करता?"

"नावं घेतो."

"कसली?"

"इंटरनेटवरची. डोमेन म्हणतात. घेतो, सांभाळतो, कुणाला हवं असलं तर विकतो. शेजारी समजतात मी सट्टा खेळतो. मेव्हणा समजतो मी घरी बसलोय."

मी आजवर चोर, उचले, बनावट नोटावाले, जमिनी परस्पर विकणारे, सगळे पाहिले होते. नावं घेऊन बसलेला माणूस पहिल्यांदा बघत होतो. विचारायचं होतं कोलंबीचं आणि मी विचारत बसलो त्याच्या धंद्याचं. चौकशीत असं होऊ द्यायचं नसतं हे मीच नव्या पोरांना शिकवायचो. पण कुतूहल वाटलं, त्याला काय करणार?

त्यांच्याकडे सातशेच्या वर नावं होती. पहाटे उठून ते सुटलेल्या नावांची यादी बघतात. हजारोंतलं एखादं निवडतात. बोलायला सोपं आहे का, लहान आहे का, कुणाला पाच वर्षांनी लागेल का. "बहुतेक पडूनच राहतात, साहेब. शंभरात एक-दोन जातात. बाकीच्यांचं दरवर्षी भरत बसायचं. एक नाव मी अकरा वर्षं धरून ठेवलंय. बायको म्हणते सोडा. सोडवत नाही. सोडलं आणि दुसऱ्या दिवशी कुणी मागायला आलं तर?"

"म्हणजे वाट बघायचा धंदा."

"तोच. बाकी काही नाही त्यात."

"आणि कुणाचं चालतं नाव सुटलं, तर तेही उचलायचं?"

इथे त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "कायद्याने उचलता येतं. काही लोक उचलतात आणि मूळ मालकाला पिळतात. मी नाही करत ते. आधी जुनी वेबसाईट बघतो. धंदा जिवंत दिसला तर मालकाला कळवतो आणि बाजूला होतो. हे नावही मी तपासलं होतं." त्यांनी चालू वर्षाची डायरी काढली आणि बोट ठेवलं. जुन्या विमा कचेरीतलं बारीक अक्षर. वेबसाईटवर एकही मासा नाही, भाव नाही, फोटो काढून टाकलेले. तीन वेगवेगळ्या दिवशी फोन केला, तिन्ही वेळा बंद. खाली शेरा: धंदा गुंडाळलेला दिसतो.

बाई दर बंदीत वेबसाईटवरून सगळं उतरवून ठेवायच्या, सुरी धुऊन ठेवतात तसंच. हा गृहस्थ जन्मात मासे न खाल्लेला. जून-जुलैत समुद्र बंद असतो हे त्याला मुलुंडमध्ये कोण सांगणार? आणि हसायचं कुणाला? मी रोज मासे खाणारा कोकणातला माणूस, बंद फोन बघून मी तर तिला आरोपी करून मोकळा झालो होतो.

"मग नाव विकलंत कुणाला?"

"विकलं नाही, भाड्याने दिलं. आणि तेच मला चमत्कारिक वाटलं होतं, साहेब. लिलावात मिळालं त्या दुपारी मी तिथे 'नाव विक्रीसाठी आहे' अशी पाटी लावली, खाली माझा नंबर. संध्याकाळी फोन. एवढ्या लवकर कधी कुणी येत नाही. वर्षं जातात. आणि म्हणतो, विकत नको, महिनाभरासाठी द्या, पण गटारीच्या आधी चालू झालं पाहिजे. महिनाभरासाठी नाव कोण घेतं? लोक दहा वर्षांच्या गोष्टी करतात."

"कोण होता?"

"नाव सांगितलं होतं. खोटं असणार आता. ओळखपत्र आणतो म्हणाला, आणलं नाही, तिथे मी ढिला पडलो. पण चेहरा बघितल्याशिवाय मी नाव देत नाही, दावे तपासायची सवय आहे. घरी बोलावलं होतं. याच खुर्चीत बसला होता."

तारीख डायरीत होती, वेळही होती. मी उठलो. सायबरच्या बाई वेबसाईटवरच्या त्या बंद नंबरामागे लागल्या होत्या आणि त्यांना अजून दोन आठवडे लागणार होते. मी खाली गेटवर गेलो आणि वॉचमनकडे रजिस्टर मागितलं. त्या सोसायटीत टेंपोला अर्ध्या तासाच्या वर थांबू देत नाहीत, म्हणून वॉचमन टेंपोंचे नंबर न चुकता लिहायचा. त्या दिवशी दुपारी चार दहाला एक टेंपो आत, साडेचारला बाहेर. खोली क्रमांक याच गृहस्थांचा.

माझ्या पिशवीत बोरिवलीच्या रजिस्टरची झेरॉक्स होती. काढून शेजारी ठेवली. नंबर एकच.

हवालदार म्हणाले, "साहेब, हा तर बाईंकडे जेवणारा." मला दाराशी काढलेल्या त्या चपला आठवत होत्या.

टेंपोवाल्याला त्याच दिवशी अंधेरीहून आणला, तोंड झाकून, कारण पुढे ओळख परेड करायची होती. चाळिशीचा माणूस, पापभिरू वाटावा असा. आधी म्हणाला, मुलुंडला सोफा पोचवायला गेलो होतो. मी आवाज चढवला नाही. चढवलेल्या आवाजाला लोक सरावलेले असतात. फक्त विचारलं, "सोफा कितव्या मजल्यावर नेलास?" तो म्हणाला चौथ्या. "लिफ्टमधून?" "हो." "त्या इमारतीला लिफ्ट नाही." मग तो म्हणाला, "पाणी मिळेल का?"

पाणी प्यायल्यावर सगळं बाहेर आलं. बाईंचा फोन डब्यात गेला, की याचा टेंपो दोन महिने उभा. गिऱ्हाइकं त्यालाच विचारायची, गटारीला काहीतरी बघ ना यार. एकदा एकाला दाखवायला त्याने मोबाइलवर वेबसाईट उघडली, तर तिथे मुलुंडवाल्यांची पाटी. महिनाभराची बाब आहे, पुनवेच्या आत परत करू, बाईंना कळणारही नाही, असं त्याने ठरवलं. ओळखीच्या एका पोराकडून वेबसाईट होती तशी लावून घेतली. कोलंबी एका शीतगृहातून उचलली. वीज गेल्याने ती एकदा वितळून पुन्हा गोठवलेली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

"मी वाईट माल द्यायचा म्हणून नाही दिला, साहेब," तो म्हणाला. मला ते पटलं. पण ठाण्यात बाईंवर सगळं ढकलताना त्याची जीभ अडखळली नव्हती, हेही मी विसरलो नाही. आरोपपत्रात दोन्ही गोष्टी लिहिल्या. शीतगृहवाल्यालाही आरोपी केलं. मुलुंडच्या गृहस्थांवर गुन्हा होत नव्हता, त्यांना साक्षीदार घेतलं.

त्यांना मी फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "नाव आजच बाईंना परत करतो. एक पैसा नको." आणि मग, "आजोबा कसे आहेत?" त्या दिवसांत ते रोज विचारायचे. कायद्याने काही चुकलं नाही, हे मी त्यांना चारदा सांगितलं, पण त्यांना झोप येत नव्हती. नाव घ्यायला मात्र बाई तयार होईनात. "पुनवेनंतर," म्हणाल्या. हसावं की कपाळावर हात मारावा मला कळेना. ज्या नेमापायी नाव गेलं, त्याच नेमापायी परत आलेलं नाव दारात उभं.

पुनवेनंतर गृहस्थ स्वतः मढला गेले. मीही होतो, कामाशिवाय, नुसता बघायला. बाईंनी त्यांना तो डबा दाखवला, शेवेचा जुना पत्र्याचा डबा. मग विचारलं, "तुमी एवरी नावं घेता, तेंचं करता काय?"

"ठेवतो आणि वाट बघतो."

"मंग आमच्यासारखंच," बाई म्हणाल्या. त्यांनी त्यांच्यापुढे नारळी भात ठेवला आणि ते सुटलेलं नाव गृहस्थांनी तिथेच, मोबाइलवर, पाचेक मिनिटांत बाईंच्या नावावर केलं. दहा वर्षांचं नूतनीकरणही एकदमच करून टाकलं, म्हणजे मधल्या बंद्यांची कटकट नको. त्याचे पैसे बाईंनी भाच्याकडून त्यांना फेडायला लावले, फुकट घेतलं नाही.

इंटरनेटवरचं नाव असं परत मिळालं. पण बाईंचं खरं नाव मी आधीच कागदावर आरोपी म्हणून लिहिलं होतं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फोटोसकट फिरलं होतं. ते कुणाच्या मोबाइलवरून परत करणार? मी सेक्रेटरींना भेटून सांगितलं, लेखी पत्र दिलं, ग्रुपवर टाका म्हणालो. ते म्हणाले, "टाकतो साहेब, पण लोक आता दुसरीकडून मागवतात." त्या उत्तराने मला फार वाईट वाटलं. या आठवणीत कुणाचं नाव लिहिणार नाही म्हणालो, ते यासाठीच.

आता राहिले आजोबा. त्याआधीची, पुनवेच्या आठवडाभर आधीची गोष्ट. ते शुद्धीवर आले, बोलू लागले, तेव्हा डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्यांचा जबाब घ्यायला गेलो. टेंपोवाला पकडला होता, जबाब म्हणजे फाइल पूर्ण करण्यापुरताच. आजोबा गिरगावात वाढलेले, मुंबईच्या बंदरावर नोकरी केलेले. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "ती तिची कोलंबी नव्हती, हे मी ताटावर बसल्या बसल्याच म्हणालो होतो. ती बाई बंदीत माल देत नाही. आठ वर्षं मागवतोय मी तिच्याकडून, एकदाही दिला नाही. मुलगा म्हणाला, बाबा, उगाच खुसपट काढू नका, सगळे जेवतायत. मग खाल्ली."

मी ते जबाबात लिहून घेतलं.

"साहेब, तुम्ही मला आधी का नाही विचारलंत?"

ते बेशुद्ध होते, हे उत्तर माझ्याकडे होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. तक्रार आल्यावरचे पहिले दोन दिवस त्यांना थोडं थोडं बोलता येत होतं, असं नर्सने मला नंतर सांगितलं. मी त्यांच्या मुलाचा जबाब घेतला होता, सुनेचा घेतला होता, सेक्रेटरींचा, वॉचमनचा घेतला होता. आजारी म्हातारा काय सांगणार, असं धरून मी त्या पलंगाशी गेलोच नव्हतो. मुलुंडच्या गृहस्थांनी निदान तीनदा फोन तरी लावला होता. बंद फोन बघून त्यांनी जे ठरवलं तेच मी ठरवलं, आणि माझ्याकडे तर विचारायला माणसं होती. नव्या पोरांना मी आता एवढंच सांगतो, की ज्याने खाल्लंय त्याला आधी विचारा. ते हसतात. हसू देत.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी डब्यातून फोन काढून चालू केला. पहिलाच फोन आला तो या आजोबांचा. घरी येऊन त्यांना चार दिवस झाले होते, काठी घेऊन चालत होते. डॉक्टरांनी तीन महिने मासे बंद सांगितले होते. बाईंनीच मला ते बोलणं सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा म्हणाले होते, "मला नको गं, आणि इकडे सगळ्यांचा श्रावण आहे. गणपती गेल्यावर लागेल. पण मी काल सोसायटीत दारोदार फिरलोय. अकरा घरांची यादी आहे. घे, लिहून घे."